संगणकजालाची विद्या आणि जुन्या चित्रफिती



या स्मृतिव्याख्यानासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मराठीचा निवृत्त प्राध्यापक येणार म्हटल्यावर संतवाङ्मय अथवा सीमाभागातील मराठी यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी कळविलेला विषय पाहून संयोजकांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. विषय असा आहे : संगणकांची जाळी उभारणारे आणि राखणारे जे अभियंते, ज्यांना आपण व्यवहारात नेटवर्क इंजिनिअर म्हणतो, त्यांच्यासाठी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिक्षणाच्या ज्या चित्रफिती तयार झाल्या, त्यांचे आज काही मोल उरले आहे काय? या शाळेचे कितीतरी विद्यार्थी आज पुण्यात, बेंगळुरूत आणि परदेशात हाच व्यवसाय करीत आहेत, आणि आपल्या भागातील ग्रंथालयांतून या फिती सध्या भंगारात निघत आहेत. या दोन्ही कारणांनी प्रश्न आपल्या दाराशी आलेला आहे. जुन्या पाठांचे काय ठेवावे व काय सोडावे, हा माझ्या शास्त्राचाही प्रश्न असल्यामुळे गेली दोन वर्षे वही-पेन्सिल घेऊन मी ही व्याख्याने चिकाटीने ऐकली. त्यांतून जे हाती लागले ते आपणापुढे ठेवतो.

चित्रफितीवरील शिक्षणाशी आपल्या भागाचा संबंध जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, नासा या अमेरिकन संस्थेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच बसविण्यात आले. 'साइट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगात आपल्या शेजारचा विजापूर जिल्हा होता. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर दिसू लागले. पुढे १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची स्थापना होऊन त्याचे मुख्यालय बेळगावास आले, आणि कर्नाटकातील अभियांत्रिकी महाविद्यालये एका छत्राखाली आली. इतक्या विखुरलेल्या महाविद्यालयांना, त्यांतही नव्या विषयांना, पुरेसे शिक्षक कोठून आणावयाचे? संगणकजाल हा तर सर्वांत नवा विषय. सर्वसामान्य भारतीयाला इंटरनेट मिळाले तेच मुळी १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, आणि आरंभी केवळ चार महानगरांत. तेव्हा विषय उत्तम जाणणारे जे थोडे शिक्षक होते त्यांची व्याख्याने एकदा चित्रित करून सर्वांना पुरविणे, हाच व्यवहार्य उपाय होता. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट हा केवळ शिक्षणासाठी योजलेला उपग्रह अवकाशात गेला. त्याची जी प्राथमिक चाचणी इन्सॅट-३बी या आधीच्या उपग्रहावरून झाली, तिच्यासाठी निवडलेल्या विद्यापीठांत बेळगावचे हे विद्यापीठ होते. एज्युसॅटचे कार्य २०१० मध्ये संपले. मात्र त्याच सुमारास आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालविलेल्या 'एनपीटीईएल' या प्रकल्पाची व्याख्याने यूट्यूबवर येऊन स्थिरावली होती. खरगपूरच्या प्रा. एस. घोष यांची संगणकजालावरील व्याख्यानमाला आणि तेथीलच प्रा. अजित पाल यांची विदासंचारावरील व्याख्यानमाला या त्या पहिल्या पिढीतल्या. एकेक व्याख्यान सुमारे तासाभराचे, आणि अशी व्याख्याने साधारण चाळीस.

आज ही चित्रे पाहताना प्रथम हसू येते. पडदा अंधुक आहे, आवाज मधूनच घुमतो, आकृत्या साध्या रेघांच्या आहेत. शिक्षक घाई करीत नाहीत. एक विधान करतात, थांबतात, तेच विधान दुसऱ्या शब्दांत सांगतात. तासिका म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही लय ओळखीची वाटेल.

आता या व्याख्यानांत शिकविलेले आहे तरी काय, हे थोडे उलगडून सांगितल्याविना त्यांच्या मोलाची चर्चा पोकळ होईल. मी त्यांतील एकच धडा घेतो. जगातील प्रत्येक संगणकाला, तो जाळ्यात आला की, एक पत्ता लागतो. १९८१ मध्ये निश्चित झालेल्या आयपी या नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो, म्हणजे शून्य किंवा एक अशी बत्तीस घरे. आपल्या सोयीसाठी तो आठ-आठ घरांचे चार गट करून लिहितात, जसे १९२.१६८.१०.१३०. हा पत्ता वाचावयाचा कसा?

येथे मला आपल्या टपालखात्याची आठवण होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते, हे आमच्या व्यवसायातील लोकांनी अभिमानाने सांगावे असे आहे. निपाणीचा पिनकोड ५९१२३७, तर येथून वीसेक किलोमीटरवरच्या कागलचा ४१६२१६. दोन्ही गावांत ऊस तोच, भाषा तीच, सोयरीकही आहे. परंतु दिल्लीत पत्रे निवडणारा माणूस पहिला अंक पाहतो, ५ दिसला की दक्षिणेच्या गठ्ठ्यात टाकतो, ४ दिसला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या गठ्ठ्यात. पुढे निवडणारा त्यानंतरचे अंक पाहतो. निपाणीतील गल्ली दिल्लीच्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पत्त्याचा डावीकडील भाग रस्ता दाखवितो आणि उजवीकडील भाग घर दाखवितो, अशी ही युक्ती आहे.

आयपी पत्त्याची युक्ती हीच आहे, मात्र तिच्यात एक भर आहे. पिनकोडात पहिले तीन अंक टपालाच्या विभागणीचा जिल्हा सांगतात आणि नंतरचे तीन कचेरी सांगतात. ही रेघ पक्की आहे. आयपी पत्त्यात रेघ सरकती आहे. ती कोठे मारली हे सांगणारी जी खूण असते तिला 'सबनेट मास्क' म्हणतात. समजा, एका पतसंस्थेला १९२.१६८.१०.० पासून २५५ पर्यंतचे २५६ पत्ते वापरावयाचे आहेत आणि तिचे चार विभाग आहेत. रेघ आणखी दोन घरे उजवीकडे सरकविली की शून्य-शून्य, शून्य-एक, एक-शून्य आणि एक-एक असे चार गट पडतात, आणि प्रत्येक गटात ६४ पत्ते येतात. त्यांतील पहिला पत्ता गटाच्या नावासाठी राखीव, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, म्हणून यंत्रांना मिळतात ६२. आता १३० क्रमांकाचे यंत्र कोणत्या विभागातले? १३० म्हणजे १२८ अधिक २. द्विमान पद्धतीत लिहिले असता त्याची पहिली दोन घरे एक-शून्य येतात. म्हणून तिसरा गट, १२८ ते १९१. हे गणित जुन्या फितीतील शिक्षक पांढऱ्या कागदावर, शाईने, एकेक घर भरीत करतात. सातवीतल्या मुलाला समजावे इतके ते स्वच्छ आहे. अलीकडच्या कित्येक चित्रफितींत हे गणित करून देणारी खिडकी उघडावयास सांगतात आणि उत्तर उतरवून घेतात. उत्तर दोन्हीकडे तेच येते, परंतु गणित न मांडलेल्या अभियंत्याला चुकीचे उत्तर ओळखता येत नाही.

याच विद्येची पुढची पायरी मार्गनिवडीची आहे. एका पत्त्याकडे जाण्याचे दोन मार्ग कोणी जाहीर केले, तर जो मार्ग पत्त्याचे अधिक अंक जुळवून दाखवील तो राऊटर पत्करतो. निपाणीपर्यंत नेतो म्हणणाऱ्यापेक्षा निपाणीच्या अमुक गल्लीपर्यंत नेतो म्हणणाऱ्यावर त्याचा विश्वास अधिक. मोठमोठ्या जाळ्यांच्या दरम्यान हे मार्ग जाहीर करण्याची जी नियमावली आहे तिचे नाव 'बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल'. सीमाद्वाराचे नियम असे आपण म्हणू. आपण सीमाभागातली माणसे, तेव्हा हे नाव आपल्या कानाला लगेच लागते. १९८९ साली दोन अभियंत्यांनी तिचा पहिला आराखडा जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर मांडला, आणि तिची १९९४ पासून वापरात असलेली चौथी आवृत्ती, मधल्या दुरुस्त्यांसह, आजही सर्व जगाचे इंटरनेट चालविते.

फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला. २४ तारखेला तेथील दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या १,०२४ पत्त्यांपैकी २५६ पत्त्यांचा मार्ग आपल्याकडे आहे असे जाहीर केले. ते देशापुरते राहावयाचे होते, परंतु हाँगकाँगमार्गे जगभर पसरले. अधिक अंक जुळविणारा मार्ग खरा, या नियमानुसार जगातील राऊटरांनी तो पत्करला, आणि सुमारे दोन तास यूट्यूब अनेक देशांत दिसेनासे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री, आपल्याकडे नऊच्या सुमारास, व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक बंद पडले ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एका देखभालीच्या आज्ञेमुळे त्या कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले, आणि तिच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रांचे मार्ग सीमाद्वारावरून मागे घेतले गेले. सुमारे सहा तास जगाला त्यांचा पत्ताच सापडेना. या दोन्ही घटनांचा अर्थ लावण्यास लागणारे सर्व ज्ञान खरगपूरच्या त्या जुन्या मालेसारख्या फितींत आहे. त्यांत नसलेले असे त्या दोन्ही रात्री काही घडले नाही.

याचे कारण तंत्रज्ञानाच्या स्वभावात आहे. या क्षेत्रात सर्व काही दर दोन वर्षांनी बदलते, असा एक समज आहे, आणि जाहिरातदारांनी तो जोपासला आहे. बदलते ते वरचे. तळचे अत्यंत सावकाश बदलते, कारण जगातील कोट्यवधी यंत्रांना एकाच वेळी नवा नियम पढविता येत नाही. आयपीची सहावी आवृत्ती १९९० च्या दशकात तयार झाली. तिच्यात पत्ता १२८ घरांचा आहे. चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. तरीही दोन्ही आवृत्त्या आज शेजारी-शेजारी नांदत आहेत. निरोप सुखरूप पोचविणारी टीसीपी ही नियमावली १९८१ ची. तिचे अधिकृत पुनर्लेखन व्हावयास २०२२ साल उजाडले, आणि त्यातही मूळ रचना कायम राहिली. मार्ग शोधण्याची एक प्रमुख पद्धत ज्या गणितावर उभी आहे ते एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये, अ‍ॅम्स्टरडॅममधील एका उपाहारगृहात कॉफी घेताना, कागद-पेन्सिलीवाचून सोडविले होते. जाळ्यात निरोप गोल-गोल फिरत राहू नये म्हणून रॅडिया पर्लमन या विदुषीने १९८५ मध्ये जी रीत शोधली, तिच्या शोधनिबंधास तिने स्वतःची एक छोटी कविता जोडली होती. विषयांतर होते खरे, परंतु वेलणकरांच्या शेजारी हे नाव ठेवण्याचा मोह मला आवरत नाही.

तथापि जुने म्हणून सारेच सोने, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. या फितींत टाकाऊ भाग पुष्कळ आहे. काही मालांत 'एटीएम' या विषयावर कित्येक तास खर्ची पडले आहेत. हे बँकेचे एटीएम नव्हे, निरोपाचे ५३ बाइटांचे एकसारखे तुकडे करून पाठविण्याची ती एक पद्धत होती. तुकड्यातील मजकुराचा भाग ४८ बाइटांचा ठरला, कारण युरोपीय पक्षाला ३२ हवे होते आणि अमेरिकन पक्षाला ६४. दोघांच्या मधला आकडा घेतला. वाद मिटला, पण कोणाचेच समाधान झाले नाही, आणि पुढे ती पद्धतच मागे पडली. फ्रेम रिले, टोकन रिंग यांचीही तीच गत. याने वेळ जातो, पण अपाय होत नाही. अपाय होतो तो सुरक्षिततेच्या प्रकरणांत. दूरच्या यंत्रावर काम करण्यासाठी 'टेलनेट' वापरा, असे जुन्या फिती निःशंकपणे सांगतात; त्यात परवलीचा शब्द उघड्या पत्रासारखा प्रवास करतो. बिनतारी जाळ्यासाठी 'वेप' नावाचे कुलूप सांगितलेले आढळते; ते कसे उघडते हे संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिले आहे. पत्त्यांचे अ, ब, क असे तीन मुख्य वर्ग पाडून शिकविण्याची जी पद्धत आहे, ती तर १९९३ मध्येच व्यवहारातून हटली, कारण सरकत्या रेघेने तिची जागा घेतली. तरी पुढील पंधरा वर्षांच्या फितींत ती ठाण मांडून आहे, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही परीक्षांतही आहे.

तेव्हा सारे ठेवणे आणि सारे टाकणे हे दोन्ही मार्ग आळसाचे आहेत. आपल्या परंपरेने याहून शहाणा मार्ग घालून दिला आहे. भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी ११५० चा. लीलावती हा त्यातलाच गणिताचा भाग. आरंभीच चलनाचे कोष्टक आहे : वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. ही नाणी व्यवहारातून केव्हाच गेली. म्हणून लीलावती कोणी टाकली काय? १५४५ मध्ये गणेश दैवज्ञांनी तिच्यावर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारात फैजीने तिचे फारसी भाषांतर केले. नाणे कालबाह्य झाले तर टीकाकार तेथे थांबून वाचकाला सांगतो, आणि त्रैराशिक मात्र आहे तसे पुढे जाते. चाळीसगावजवळील पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढला आणि त्याला दाने मिळाली, याची त्यात नोंद आहे. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे आणि पुढचा भाग आपल्या जुन्या मराठीत आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांतला एक लेख, अर्धशतकापूर्वीचा अभ्यासक्रम चालू ठेवण्याच्या व्यवस्थेबद्दल आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मूळ पाठ तसाच ठेवावा आणि त्याला टीका जोडावी, हीच रीत चित्रफितींना लावावी, असे माझे म्हणणे आहे.

हा आग्रह केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नाही. त्यात आपल्या मुलांचा प्रश्न गुंतलेला आहे. या शाळेतून मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी बेळगावच्या किंवा निपाणीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जातो, तेव्हा वर्गातली भाषा इंग्रजी असते आणि आवारातली भाषा बहुधा कन्नड. कन्नड तो शिकतो, शिकलेच पाहिजे, आणि सीमाभागातल्या मुलाला ते जड जात नाही. अडते ते शास्त्राच्या इंग्रजीपाशी. वर्गात एक वाक्य निसटले की पुढची दहा वाक्ये त्याच्या डोक्यावरून जातात, आणि हात वर करून विचारण्याचा संकोच असतो. पहिल्या वर्षी गळालेली अनेक मुले मी पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांची बुद्धी उत्तम होती. अशा मुलाला चित्रफीत मागे फिरवून तेच वाक्य चार वेळा ऐकता येते आणि त्याला कोणी हसत नाही. जुन्या व्याख्यात्यांचे इंग्रजी भारतीय वळणाचे, सावकाश आणि पूर्ण वाक्यांचे आहे. नव्या परदेशी फितींतील वेगवान, विनोद पेरलेली भाषा त्याच्यासाठी दुसरी भिंत ठरते. एका विद्यार्थिनीने मला आपली वही दाखविली होती. डाव्या पानावर व्याख्यात्याचे इंग्रजी वाक्य जसेच्या तसे आणि उजव्या पानावर तिचे मराठी. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी त्यात दोन-तीन शब्द सुचविले. बाकीची भाषा तिची स्वतःची होती आणि चांगली होती. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्ससारख्या विषयांचे धडे, पडद्यावर इंग्रजी आणि कानांत मराठी, अशा रीतीने उपलब्ध करून दिले आहेत. मोठ्या व्याख्यानमालांना असा मराठी आवाज मिळेल तेव्हा मिळेल. तोवर मराठी टीका तरी आपण लिहू शकतो.

चित्रफितीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती उत्तर देत नाही. शिवाय जाळ्याची विद्या ऐकून येत नाही. तारा जोडाव्या लागतात, जोडलेले बिघडवावे लागते आणि पुन्हा जुळवावे लागते. जुन्या फितीत शिक्षक ज्या यंत्रावर आज्ञा टंकून दाखवितो ते यंत्र आज मोडीच्या बाजारात अल्प किमतीत मिळते, आणि त्याच्यावर केलेला सराव वाया जात नाही, कारण त्यात कार्य आणि कारण उघड्यावर असते. आज एका कळीसरशी दूरच्या विदाकेंद्रात जाळे उभे राहते. ते सोयीचे आहे, परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने झाकण लावलेले भांडे आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी परिसरातील एका महाविद्यालयात हाच विषय शिकवितो. तेथील ग्रंथालयातील व्हीएचएस फिती आणि सीडी यांची दोन कपाटे रिकामी करण्याचे ठरले असता त्याने ती तात्पुरती थांबविली आणि मला यादी पाठविली. यूट्यूबवरील व्याख्याने निदान तूर्त सुरक्षित आहेत. या कपाटांतील फितींच्या दुसऱ्या प्रती कोठे असतील याची शाश्वती नाही. बेळगावचा पाऊस चुंबकीय फितीचा शत्रू आहे. दमटपणाने बुरशी धरते, फीत वेटोळ्याला चिकटते, आणि एकदा खरवडली की चित्र गेले. दुसरी अडचण यंत्राची. व्हीसीआर बनविणारी जगातील अखेरची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. म्हणजे फीत शाबूत राहिली तरी वाचणारे यंत्र उरणार नाही, जशी मोडी कागदांच्या बाबतीत कागद आहेत पण वाचणारे नाहीत अशी अवस्था आपण पाहतो.

कायद्याची शंका काहींनी काढली, ती रास्त आहे. या फितींवर त्यांच्या निर्मात्यांचा हक्क आहे आणि त्या मनास येईल तशा वाटता येणार नाहीत. मात्र प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाला स्वतःपाशी असलेल्या कृतीची जतनासाठी संगणकीय प्रत करून ठेवण्याची मुभा दिली आहे. ग्रंथालयाने प्रत करावी आणि ती ग्रंथालयातच पाहू द्यावी, इतके आपल्या कामापुरते पुरेसे आहे.

यादीचे मी तीन गठ्ठे केले. एखाद्या विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट प्रणालीत कोणती कळ दाबावी एवढेच ज्यांत आहे, त्या फिती सोडून द्याव्यात. ती प्रणाली गेली, कळही गेली. पत्ते, थर, मार्गनिवड, चुकांची दुरुस्ती, निरोपांची गर्दी झाल्यावर करावयाची व्यवस्था, असे विषय ज्यांत आहेत त्या आधी उतरवून घ्याव्यात. तिसरा गठ्ठा सुरक्षिततेचा. तो इतिहास म्हणून ठेवावा, परंतु पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती टीकेवाचून देऊ नये. टीका म्हणजे फार मोठे काही नव्हे. प्रत्येक फितीबरोबर एक छापील पान : चित्रणाचे वर्ष, कोणत्या मिनिटाला कोणती गोष्ट आता चालत नाही, तिच्या जागी काय आले, आणि अवघड इंग्रजी संज्ञांचे मराठीत दोन ओळींचे स्पष्टीकरण. संज्ञेला ओढूनताणून संस्कृत प्रतिशब्द करू नयेत. राऊटरला राऊटरच म्हणावे आणि तो करतो काय ते मराठीत सांगावे. दर तीन वर्षांनी ते पान पुन्हा तपासावे. पहिल्या पाच फितींची पाने या शाळेच्या चार माजी विद्यार्थ्यांनी लिहून दिली आहेत. भाषा मी पाहिली आहे. तंत्र त्यांनी एकमेकांचे तपासले आहे. आणखी लिहिणारे हवे आहेत, आणि परदेशी असलेल्यांनाही हे काम घरबसल्या करता येईल.

कपाटातील सात फितींवर नावाची चिठ्ठी उरलेली नाही. त्या कोणत्या गठ्ठ्यात जातात हे लावून पाहिल्याविना ठरविता येणार नाही. महाविद्यालयाचा व्हीसीआर नादुरुस्त आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी चालू स्थितीतला असेल, तर त्यांनी तो महिनाभरासाठी शाळेच्या कार्यालयात आणून द्यावा. नेण्या-आणण्याची व्यवस्था माजी विद्यार्थी करतील.